पुरुमेंताच्या यादीत एक रेडिओ: गोव्यातल्या घरासाठी आणि रानातल्या मुक्कामासाठी सेट कसा निवडावा

मे महिना लागला की गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी सुरू होते. सुकी मासळी, सोलां, मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ. याच यादीत सेलवर चालणारा एक रेडिओ लिहून टाका. वारा सुटला की आधी झावळी नाहीतर फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. मग काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात आणि फोनवरच्या दांड्या एकेक करून कमी होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि जमिनीवर आलं ते थेट गुजरातेत. तरी इथली कित्येक गावं काही दिवस अंधारात होती. फोन मुका झाल्यावर बाहेर काय चाललंय ते सांगणारी घरातली एकच वस्तू उरते. ती नीट पारखून घेतलेली असावी, एवढ्यासाठी हे सगळं.

'वेदर बँड' नावाचं आमिष

ऑनलाइन दुकानात 'इमर्जन्सी वेदर रेडिओ' शोधलं की लाल-पिवळे, हँडलवाले, सोलर पट्टीवाले सेट समोर येतात. त्यातल्या बहुतेकांवर 'डब्ल्यूबी' असा एक खटका असतो. हा वेदर बँड म्हणजे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात वाहिन्या. त्यांवर अमेरिकेतली नोआ ही संस्था चोवीस तास हवामान सांगते, कॅनडातही अशीच सोय आहे. तिथे धोक्याची सूचना निघाली की एक ठरावीक सूर हवेत सोडला जातो आणि झोपलेला सेट आपोआप किंचाळून उठतो. भारतात असं प्रक्षेपण नाही. इथे डब्ल्यूबीवर खटका टाकला तर फक्त सूंऽऽ ऐकू येईल आणि 'अलर्ट' लिहिलेलं बटण जन्मात वाजणार नाही. त्या बटणासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. सेट बाकी चांगला असेल तर ते बटण आहे म्हणून टाळायचंही कारण नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की गोव्यात रेडिओ तुम्हाला झोपेतून उठवणार नाही. ते काम फोनचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मोठ्या आवाजातल्या सूचना थेट टॉवरवरून फोनवर येतात, २०२३ मध्ये त्यांच्या चाचण्या झाल्या तेव्हा देशभर फोन एकदम कोकलले होते. त्यासाठी सेटिंगमधल्या आपत्कालीन सूचना चालू ठेवा. नेटवर्क आहे तोवर फोन, ते गेलं की रेडिओ, अशी पाळी लावायची. 'फोनमध्येही एफएम आहे की' असं म्हणणाऱ्यांनी आत्ताच तपासून बघावं. पुष्कळ नव्या फोनमध्ये ते नसतंच. असलं तर वायरवाला इयरफोन लागतो, कारण त्याची वायर हीच एरियल. आणि ॲपवरचा रेडिओ हा रेडिओ नव्हेच, ते इंटरनेट.

कुठलं स्टेशन, कुठला बँड

आपल्याला लागतं ते आकाशवाणीचं पणजी केंद्र. मध्यम लहरींवर (सेटवर 'एमडब्ल्यू' किंवा 'एएम' लिहिलेला बँड) १२८७ किलोहर्ट्झ आणि एफएमवर १०५.४ मेगाहर्ट्झ हे त्याचे आकडे. हवामान खात्याचं गोव्यातलं केंद्र पणजीत आल्तिनोला आहे. चक्रीवादळाचे आणि मच्छीमारांसाठीचे इशारे आकाशवाणीवरून दिले जातात आणि वादळ जवळ असलं की ते वरचेवर येतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. हवामान आणि रस्ता-वाहतूक त्यांना सांगता येते, पण त्यासाठी चार गाणी आणि सहा जाहिराती ऐकाव्या लागतात.

एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्या लहरी डोंगर ओलांडायला कुरकुरतात. पणजी, म्हापसा, मडगावच्या सपाटीला १०५.४ घणघणीत लागेल. नेत्रावळीच्या खोऱ्यात, खोतीगावच्या रानात किंवा चोर्ल्याच्या पायथ्याशी तेच स्टेशन दहा पावलांत येतं आणि जातं. मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगराच्या कुशीतही पोचतात, म्हणून सेटवर दोन्ही बँड हवेत. नुसता एफएमवाला ब्लूटूथ स्पीकर या कामाचा नाही. शॉर्टवेव्ह असली तर असू दे, तिच्यासाठी मुद्दाम खर्च करायला नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. देशभरात मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद होत चाललेत. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. शेजाऱ्याचा सेट मागून आणा, सकाळी आणि रात्री आपल्याच सोप्यावर दोन्ही स्टेशनं लावून बघा आणि मग कुठल्या बँडवर जास्त पैसे घालायचे ते ठरवा.

आता एक बारीक खोच, जी खोक्यावर सहसा कुणी वाचत नाही. भारतात मध्यम लहरींची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत १०च्या. १२८७ला ९ने भागा, बरोबर १४३ येतात. अमेरिकेसाठी बनवलेला आकडेवाला सेट १२८० वरून उडी मारून १२९० वर जातो आणि १२८७ मध्येच राहून जातं. मग स्टेशन लागतं, पण बोलणारा तोंडात सुपारी धरून बोलतोय असं वाटतं. चांगल्या सेटवर ९ आणि १० असा बदल करता येतो. कधी खाली छोटा खटका असतो, कधी सेट बंद असताना एखादं बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवावं लागतं. हा बदल होत नसेल तर तो सेट नको. तीच गत जपानहून कुणी आणलेल्या जुन्या सेटची. तिथला एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन जुन्या सेटवर ९०च्या आसपासच संपतो, त्यावर १०५.४ कुठून लागणार? आपल्याला ८७.५ ते १०८ हवं.

काटा फिरवायचा जुन्या धाटणीचा सेट घेतला तर ९-१०ची भानगडच नाही. घरात वडीलधारी माणसं एकटी राहत असतील तर आमचं मत सरळ काट्याच्या सेटला. काच पुसायची आणि स्टेशनाच्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. अंधारात बॅटरीच्या उजेडात ठिपक्यावर काटा आणणं आजीलाही जमतं. आकडेवाल्या सेटमध्ये सेल काढल्यावर साठवलेली स्टेशनं पुसली जाण्याचीही शक्यता असते. घेण्यापूर्वी पाच मिनिटं सेल बाहेर ठेवून ते बघून घ्या.

वीज कुठून आणायची

सेटच्या निवडीत हाच मुद्दा सगळ्यात मोठा, आणि जाहिराती सगळ्यात जास्त फसवतात त्याही इथेच. खोक्यावर लिहिलेलं असतं: हँडल, सोलर, यूएसबी, आतली बॅटरी. यातलं पावसाळ्यात काय किती कामाला येतं ते आकड्यांनी बघू.

हँडल फिरवून हाताने साधारण १ वॉट वीज निघते. लहान सेटला मध्यम आवाजात ०.१५ ते ०.२ वॉट लागते. म्हणजे मिनिटभर नेटाने फिरवलं की पाच-सहा मिनिटं बातम्या. अडीअडचणीला हे पुरेसं आहे आणि सगळे सेल संपले असताना देवासारखं आहे. पण त्याच हँडलने फोन चार्ज करायचा म्हटलं तर ५००० मिलिअँपिअर-अवरच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-अवर भरावे लागतात. मनगट मोडेपर्यंत एकोणीस-वीस तास फिरवत बसा. हँडल घरात धूळ खात पडलं की आतले प्लास्टिकचे दाते कडक होतात आणि पहिल्याच जोरात तुटतात. म्हणून फिरवायचं ते सुरुवातीला सावकाश, मग सेकंदाला दोन फेऱ्यांच्या आसपास, आणि एक हात सेटच्या पोटाशी घट्ट धरून.

सोलर पट्टी सहसा तळहाताएवढीसुद्धा नसते. मे महिन्याच्या कडक उन्हात तिच्यातून ०.३ ते ०.५ वॉट मिळाले तरी खूप. आतली बॅटरी २००० मिलिअँपिअर-अवरची, म्हणजे ७.४ वॉट-अवरची असेल तर ती भरायला पंधरा ते पंचवीस तास थेट ऊन हवं. जुलैमध्ये ते कुठून येणार? ढगाळ दिवशी त्या पट्टीतून जे निघतं त्याला वीज म्हणणंही धाडसाचं. शिवाय सोलरच्या लोभाने सेट कठड्यावर उन्हात तापत ठेवला तर आतली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

त्या बॅटरीतून फोन चार्ज करता येतो ही गोष्ट खरी, पण ७.४ वॉट-अवरमधून वाटेतली गळती जाता फोनला साडेपाच-सहा मिळतात. फोन तीस टक्क्यांपर्यंत जाईल आणि तोवर रेडिओ मेला असेल. फोनसाठी १०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक वेगळी ठेवा, रेडिओची वीज रेडिओलाच राहू द्या.

मग भरवसा कशावर? पेन्सिल सेलवर. तीन पेन्सिल सेलवरचा लहान सेट मध्यम आवाजात ४० ते ६० मिलिअँपिअर खातो आणि चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये २००० मिलिअँपिअर-अवरपेक्षा थोडं जास्तच असतं. म्हणजे तीस-पस्तीस तास धरून चाला. दर तासाला दहा मिनिटं ऐकलं तर दिवसाला चार तास होतात. तीन सेलांत आठवडा निघतो, इयरफोन लावला तर आणखी जास्त. आणि हे सेल वाळपईच्या बाजारात, काणकोणच्या चारस्त्यावर, कुठल्याही गाड्यावर मिळतात. ज्या सेटमध्ये बदलता येण्याजोगे पेन्सिल सेल बसत नाहीत, नुसती आतली बॅटरी असते, तो घराचा एकुलता रेडिओ होऊ नये. ती बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांनी दम सोडते आणि ते कळतं नेमकं वादळाच्या रात्री.

सेल घेताना खालच्या अक्षरांकडे बघा. 'एलआर६' असेल तर तो अल्कलाइन, 'आर६' असेल तर साधा झिंक-कार्बन. दुकानदार न मागता साधाच पुढे करतो, कारण तो स्वस्त असतो आणि भिंतीवरच्या घड्याळाला पुरतो. रेडिओला त्याची ताकद निम्म्याच्याही आत पुरते आणि तो फुटून पाझरण्याची शक्यताही अधिक. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. ताकद संपलेल्या सेलमधून बाकीचे दोघे जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि तोच आधी पाझरतो. चार्ज होणारे निकेल सेल वापरायचे तर वर्षभर चार्ज टिकवणारे, 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले घ्या. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात. काही सेट तीन सेलांच्या ३.६ व्होल्टवर 'बॅटरी लो' दाखवत लवकर बंद पडतात. तेही आधी चालवून बघा.

काही छोट्या चिनी सेटमध्ये जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी बसते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती अजून सहज मिळते. पेन्सिल सेलांनंतर आमची दुसरी पसंती या सेटना, कारण बॅटरी निदान बाहेर काढून बदलता येते.

दुकानात दहा मिनिटं

सेट ऑनलाइन घ्यायचा असेल तर परत करायची मुदत बघा आणि हे सगळं घरी आल्याच्या दिवशीच करा.

सेल घाला. झाकण नखाने उघडतं का, की त्याची प्लास्टिकची जीभ आत्ताच तुटायला आलीय? आतल्या स्प्रिंगा चकचकीत असाव्यात. त्यांवर काळपट-हिरवा थर दिसला तर तो सेट गोदामात एखादा पावसाळा काढून आलाय.

मध्यम लहरींवर लावा आणि सेट हातात आडवा धरून गोल फिरवा. एका दिशेला आवाज भरून येईल, दुसरीकडे बारीक होईल. आतली फेराइटची दांडी, म्हणजे मध्यम लहरींची एरियल, काम करतेय याची ही खूण. आवाजात काहीच फरक पडत नसेल तर दांडी नावापुरती आहे किंवा तिची तार सुटलीय. दुकानातल्या एलईडी दिव्यांमुळे नुसती खरखर येत असेल तर सेट घेऊन बाहेर रस्त्यावर या. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

एफएमवर एरियल पूर्ण ओढा. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. एरियल त्याच्या आसपास असली तर उत्तम, २५-३० सेंटिमीटरची टिचभर असेल तर रानात हाल होतील. बुडाचा सांधा ढिला आहे का, तेही हलवून बघा. एरियल तुटते ती तिथेच.

आवाज पूर्ण मोठा करा. हे गोव्यात फार महत्त्वाचं आहे. मंगळुरी कौलांवर किंवा पत्र्यावर आषाढाचा पाऊस कोसळत असताना चार सेंटिमीटरच्या स्पीकरमधून निवेदक नुसता पुटपुटतो. घरासाठी सात-आठ सेंटिमीटरचा स्पीकर असलेला, थोडा थोराड सेट घ्या. रानासाठी लहान चालेल, पण इयरफोनचं भोक हवंच.

बटणं कुलूपबंद करायची सोय बघा. ती नसली की पिशवीत दाबला जाऊन सेट आपोआप सुरू होतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत सेल रिकामे. दिवा, भोंगा, होकायंत्र, थर्मामीटर हे सगळं फुकट मिळत असेल तर घ्या. होकायंत्र स्पीकरच्या चुंबकाजवळच बसवलेलं असतं, तेव्हा त्यावर विसंबून रानात वळू नका.

पाण्यापासून किती बचाव आहे, ते 'आयपीएक्स' पुढचा आकडा सांगतो. ४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. बहुतेक सेट ४च्या पुढे नसतात आणि तेही यूएसबीचं रबरी बूच नीट बसलेलं असेल तरच. ७चा सेट महाग पडतो. त्यापेक्षा झिपवाल्या जाड प्लास्टिक पिशव्या दोन घ्या, एकीत एक. रेडिओलहरी प्लास्टिकमधून सहज जातात, आवाजही थोडा दबका पण येतो, पिशवीवरूनच बटणं दाबता येतात. स्टीलचा डबा मात्र फक्त ठेवणीसाठी. धातूच्या आत स्टेशन लागत नाही.

घरात आवाज का खरखरतो

नव्या सेटविषयी सगळ्यात जास्त तक्रार ही, आणि दहापैकी आठ वेळा दोष घराचा असतो. मध्यम लहरींना इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, फोनचा चार्जर, टीव्हीचा डबा या सगळ्यांची ॲलर्जी आहे. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की खरखर उलट वाढते. इन्व्हर्टर दोन मिनिटं बंद करून बघा, फरक कळेल. नाहीतर सेट घेऊन त्यापासून चार-पाच मीटर लांब, खिडकीपाशी जा. काँक्रीटच्या इमारतीत आतल्या लोखंडामुळे लहरी अडतात, बाल्कनीत त्याच मोकळ्या मिळतात.

मध्यम लहरी ऐकताना वरची एरियल ओढून काही होत नाही, तरी सगळे ती ओढतात. ती एफएमची. मध्यम लहरींसाठी सेटच फिरवायचा. फेराइटची दांडी सेटच्या लांबीच्या बाजूने आडवी बसवलेली असते, म्हणून सेटचा रुंद चेहरा किंवा पाठ स्टेशनाकडे हवी, टोक नको. पेडण्यात दक्षिणेकडे, मोल्यात पश्चिमेकडे आणि काणकोणात उत्तरेकडे तोंड करून सुरुवात करा, मग वीतभर इकडेतिकडे वळवा. हीच युक्ती उलटीही वापरता येते. शेजारच्या घरातून खरखर येत असेल तर सेटचं टोक त्या घराकडे करा, ती बरीच गळेल.

एफएमची एरियल तुटली तर सेट टाकून देऊ नका. ७५ सेंटिमीटर साधी वायर घ्या, एका टोकाचं प्लास्टिक सोलून उरलेल्या बुंध्याला गुंडाळा, दुसरं टोक खिडकीच्या वरच्या बिजागरीला दोऱ्याने बांधा. विजा चमकत असतील तर बाहेर सोडलेली वायर आधी आत घ्या.

काय ऐकायचं

रेडिओ लावूनही शब्द समजले नाहीत तर उपयोग काय? हवामान खात्याच्या भाषेत 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, 'अतिमुसळधार' म्हणजे ११५.६ ते २०४.४, आणि त्यापुढे 'अत्यंत मुसळधार'. हा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की त्याला 'चक्रीवादळ' म्हणतात, ८९ पासून 'तीव्र', ११८ पासून 'अतितीव्र'. बातमीत वादळाचं ठिकाण 'पणजीच्या पश्चिम-नैऋत्येला इतके किलोमीटर' असं सांगतात. तो आकडा आणि वेळ कागदावर टिपून ठेवा, पुढच्या बातमीत नवा आकडा लिहा. दोन आकड्यांतल्या फरकाला मधल्या तासांनी भागलं की वादळ जवळ येतंय की बाजूने सरकतंय, याचा अंदाज घरबसल्या येतो.

अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. मधल्या भर पावसाळ्यात भीती असते ती पुराची. जुलै २०२१ मध्ये म्हादईच्या पाण्याने सत्तरीत घरं गेली तेव्हा तौक्ते येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. साळसारख्या शापोऱ्याकाठच्या गावांनी तिळारी धरणाच्या बातमीकडेही कान ठेवावा, मग ते धरण शेजारच्या राज्यात का असेना.

रानात नेताना

अभयारण्यात मुक्काम वन खात्याच्या परवानगीनेच, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी असेल तर प्रश्नच मिटला. परवानगी असलेल्या जागी दोन-तीन दिवसांसाठी तीन पेन्सिल सेलांचा, सेलांसकट पाव किलोच्या आतला सेट आणि सेलांचा एक जादा संच पुरतो. निघण्याआधी गावातच दोन्ही स्टेशनं लावून आकडे साठवून घ्या.

तंबू ओढ्याच्या पातळीपासून वर ठोका, हे सगळ्यांना माहीत असतं. रेडिओ त्यात कुठे बसतो ते सांगतो. संध्याकाळची बातमी ऐकल्याशिवाय झोपायचं नाही आणि ती तुमच्या तालुक्यासाठी नाही, घाटमाथ्यासाठी ऐकायची. डोक्यावर चांदणं असलं तरी वर चोर्ल्यात किंवा पलीकडे कर्नाटकात ओतला असेल तर पाणी तुमच्यापर्यंत रात्री पोचतं. बातमीत 'घाट परिसरात' हे शब्द आले की ओढ्याजवळचा मुक्काम हलवा. आणि ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, तर बातमीची वाट बघत बसू नका. ओढा रेडिओच्या आधी सांगतो.

विजांसाठी एक जुनी, सोपी युक्ती आहे. एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात ती फार उपयोगी पडते. सेट मध्यम लहरींच्या खालच्या टोकाला, ५३० ते ६०० किलोहर्ट्झमध्ये, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी लावा. दूरवर वीज पडली की 'खर्र-टक्' असा तुटक आवाज येतो. मिनिटाला दोन-तीन असतील तर वादळ लांब आहे. आवाज एकामागून एक, मोठे होत येऊ लागले तर माळावरून, उंच झाडाखालून आणि पाण्यातून बाहेर पडायची वेळ झाली. सततची एकसारखी भुणभुण मात्र विजेची नव्हे, ती जवळच्या तारांची किंवा कुणाच्या चार्जरची. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोशातच थांबा, जीप किंवा पक्की इमारत असेल तर तिथे. तंबू हा विजेपासून आडोसा नव्हे.

रेडिओ फक्त ऐकतो, बोलत नाही. म्हणून कुणीतरी सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र न्यायचं सुचवतो. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि त्यापायी विमानतळांवर परदेशी पर्यटकांना अडकवून ठेवल्याची उदाहरणंही आहेत. वॉकी-टॉकीचंही तसंच. परवाना लागणारी पट्टी कुठली आणि न लागणारी कुठली, ते विकणाऱ्याला नीट माहीत नसेल तर घेऊ नका. साध्या रेडिओला मात्र कसलाही परवाना लागत नाही.

ठेवणी आणि दुरुस्ती

गोव्यात सेट वापराने कमी आणि खाऱ्या दमट हवेने जास्त मरतात. काम नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा. सेट कोरड्या कपड्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, सोबत सिलिका जेलच्या मूठभर पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा पिऊन तट्ट झालेत, ते मंद आचेवर तव्यात परतले की पुन्हा निळे होतात. आतली लिथियम बॅटरी असेल तर दर तीन महिन्यांनी निम्म्याहून थोडी वर चार्ज करा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका.

सेल पाझरलेच तर कुठला सेल होता ते आधी बघा. अल्कलाइनचा पांढरा थर क्षारी असतो. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर दोन थेंब पांढरं व्हिनेगर घेऊन तो पुसा, फसफसणं थांबलं की पाण्याने जेमतेम ओला केलेला कापूस फिरवा आणि दिवसभर वाळू द्या. घरचं माडाचं व्हिनेगर यासाठी नको, त्याचा साका मागे राहतो. साधा झिंक-कार्बन सेल पाझरला असेल तर तो आम्लधर्मी, त्याला व्हिनेगर नव्हे तर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. नंतर स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. आवाजाचं चाक फिरवताना खर्रखर्र होत असेल तर सेट बंद करून ते चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

वर्षातून दोनदा सेट उघडून चालवून बघायचा. एकदा पुरुमेंताच्या वेळी आणि एकदा खंडेनवमीला, घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडताना. रेडिओही त्यांच्याच पंगतीत ठेवा, झेंडूचं फूल वाहा आणि त्या निमित्ताने सेल बदला. पाठीवर कागदी टेप लावून पक्क्या शाईने लिहा: १२८७, १०५.४, प्रादेशिक बातम्यांच्या वेळा तुम्ही स्वतः ऐकून नोंदवलेल्या, सेल घातल्याची तारीख. त्याखाली ११२, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि घरात कुणी समुद्रावर जाणारं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. टेपवरून पारदर्शक चिकटपट्टी मारा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात शाई उतरते.